बऱ्हाणपूरची जर आणि आपण

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पणजीचा शालू अजून शिल्लक असेल, त्यांनी तो एकदा पेटीतून काढून हातावर तोलून पाहावा. रेशमाला इतके वजन नसते. ते वजन पदरातल्या चांदीचे असते. बहुतेक घरांतून मात्र हा शालू केव्हाच गेलेला आहे. रेशीम घडीवर फाटू लागले, अडचणीचे दिवस आले, जुनी जर विकत घेणारा दारावर आला. त्याने काठ-पदर कापून घेतले, जाळले आणि उरलेल्या चांदीचे पैसे मोजून दिले. घरात आठवण राहिली ती एवढीच, की चांदी किती तोळे निघाली. तो शालू कोणत्या पेठेतून आला, त्याची जर कोणी ओढली, हे कोणी विचारले नाही. आम्ही नर्मदा-तापीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. आमच्यापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते उत्तर पुष्कळदा बऱ्हाणपूरपाशी येऊन थांबते.

हे गाव स्वतःला बुरहानपूर म्हणते. आपल्या जुन्या कागदांत ते बऱ्हाणपूर आहे. 1400च्या सुमारास नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर ते वसवले आणि संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याला दिले. समोरच्या तीरावर त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावाचे झैनाबाद झाले. 1601 मध्ये अकबराने अशीरगड घेतला, फारुकींचे राज्य संपले आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेचे ठाणे बनले. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारा हमरस्ता या गावावरून जाई. शहजादे, सुभेदार, त्यांचे जनानखाने आणि लष्कर यांचा वर्षानुवर्षे येथे मुक्काम असे. शहाजहानची बेगम मुमताजमहल 1631 मध्ये येथेच वारली. ज्या गावात राजदरबार राहतो, त्या गावात मौल्यवान वस्तूंची दुकाने आपोआप उभी राहतात. दरबाराला रोज खिलती द्याव्या लागतात, मंदील बांधावे लागतात, भेटी पाठवाव्या लागतात. त्या मालाला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615च्या नोव्हेंबरात येथे शहजादा परवेझला भेटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांना वखार घालण्याची परवानगी त्याने मागून घेतली. सतराव्या शतकाच्या मध्यास येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याची साक्ष अधिक मोलाची, कारण तो स्वतः महागड्या मालाचा व्यापारी होता. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे तो लिहितो. त्याला विशेष वाटले ते स्त्रियांच्या ओढण्यांचे. त्यांच्या दोन्ही टोकांना सोन्याचांदीचे पट्टे विणलेले असत, आणि त्या पट्ट्यांत धातू जितका अधिक, तितकी किंमत अधिक. दहा-बारा रुपयांपासून शंभर-दीडशे रुपयांपर्यंत एकेका वस्त्राचा भाव त्याने दिला आहे. म्हणजे वस्त्र विकले जाई कापड म्हणून, पण त्याची किंमत ठरे सराफाच्या हिशोबाने.

हा हिशोब समजण्यासाठी जर कशी होत असे ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात निमाडची जमाबंदी करणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने त्याची तपशीलवार नोंद केली आहे. प्रथम शुद्ध चांदीची मेणबत्तीएवढी कांडी घडवीत. तिला पासा म्हणत. पाशावर सोन्याचा पातळ पत्रा चढवीत. तो किती मासे सोन्याचा, यावर त्या जरीचा कस ठरे. मग पोलादी पट्टीतल्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून तो पासा ओढीत जात. जाड तार ओढणारा पासातनिया वेगळा आणि तिची केसासारखी तार करणारा तनिया वेगळा. ती तार ठोकून चपटी करणारा चपरिया. चपट्या तारेला बादला म्हणत. शेवटी बादला रेशमी धाग्यावर गुंडाळून कलाबतू करणारा बटवैया. इतक्या हातांतून गेल्यावर तो धागा विणकराच्या मागावर चढे. नवलाची गोष्ट ही, की इतके ओढूनही सोने चांदीला सोडत नसे. केसाएवढ्या तारेवरही सोन्याचा मुलामा अखंड राही.

पण याच नवलात लबाडीची जागा होती. पाशावर दहा मासे सोने घातले की चार, हे तयार पदराकडे पाहून गिऱ्हाइकाला कळणे कठीण. नवा असताना दोन्ही सारखेच झळकतात. फरक कळतो तो दहा-वीस वर्षांनी, पदर काळा पडू लागल्यावर. म्हणून बऱ्हाणपुरात सोन्याचांदीच्या शुद्धतेवर सरकारी देखरेख ठेवण्याची वहिवाट होती. मोगलांच्या काळची ही व्यवस्था राज्ये बदलली तरी चालत राहिली. दुकानदाराचा शब्द आणि राज्याची तपासणी या दोन खांबांवर बाजाराचे नाव उभे होते. कैरोतला किंवा पुण्यातला खरेदीदार तनियाला कधी भेटणार नव्हता. तो गावाच्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजत होता.

या बाजारात मराठी माणूस प्रथम मोठ्या संख्येने आला तो गिऱ्हाईक म्हणून नव्हे, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. 1681च्या जानेवारीअखेर, संभाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला महिनाही लोटला नव्हता, तेव्हा मराठी फौज बऱ्हाणपुरावर अचानक चालून आली. शहराचे दरवाजे बंद झाले. मात्र बाहेरचे पुरे उघडे होते. त्यांत बहादूरपुरा सर्वांत श्रीमंत. आज बहादरपूर म्हणून ओळखले जाणारे हे ठिकाण तेव्हा सराफ आणि सावकारांचे होते, आणि जगभरचा माल तेथे भरलेला असे, असे खाफीखान सांगतो. तीन दिवस लूट चालली. मोगली साम्राज्याच्या खजिन्यालाच हात घालण्याची ती लढाईची रीत होती आणि स्वराज्यावर येऊ घातलेल्या संकटाकडे पाहता तिचे कारण समजण्यासारखे आहे. आपण ही हकिकत अभिमानाने सांगत आलो. ती सांगताना ज्यांची दुकाने गेली त्यांचा उल्लेख आपल्या तोंडी येत नाही, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे. गल्ल्याबरोबर पाच-सहा कारागिरांच्या महिन्यांची मेहनतही घोड्यावर चढली. ते कारागीर परवेझच्या दरबारातले अमीर नव्हते. ते ठोकणारे आणि गुंडाळणारे हात होते.

पुढे ऐंशी वर्षांच्या आत चित्र पालटले. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांना दिले. 1778 मध्ये बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेले. ज्या बाजाराची लूट झाली होती, त्याच्या रखवालीची जबाबदारी आता मराठी राज्यावर आली. कमाविसदार, कारकून, पुराणिक, शिलेदार अशी कुटुंबे येथे आणि आसपासच्या निमाडात स्थिरावली. आपल्यापैकी अनेकांचे मूळपुरुष त्याच लाटेत आले. लग्नाकार्यात शेले, पागोटी, मंदील, शालू यांची गरज पडू लागली आणि राज्यकर्ता असलेला मराठी माणूस दुकानातल्या पांढऱ्या गादीवर गिऱ्हाईक म्हणून बसला. लुटारू, धनी आणि गिऱ्हाईक अशा तीन नात्यांनी आपण या एकाच बाजाराशी बांधलेले आहोत. इतिहास लिहिताना त्यांतले एकच नाते निवडून चालत नाही.

1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतले. तहाने ते शिंद्यांना परत मिळाले. 1860च्या सुमारास मात्र गाव कायमचे इंग्रजी अमलात गेले. बाजाराची खरी उतरण यानंतरची आणि ती लुटीने झालेली नाही. एकीकडे दरबार संपत गेले; खिलती देणारा उरला नाही, तेव्हा खिलती विणणाऱ्याचे काम गेले. दुसरीकडे आगगाडी आली. स्थानक गावापासून दूर लालबागेत झाले आणि ज्या हमरस्त्याने बऱ्हाणपूर मोठे केले, त्याचे महत्त्वच संपले. व्यापाराचे केंद्र बघता बघता खांडव्याला सरकले. तीन दिवसांच्या लुटीतून सावरलेला बाजार वेळापत्रकापुढे टिकला नाही. जरीचे नाव पुढे सुरतेने घेतले, आणि स्वस्त खोट्या जरीने खऱ्या कसाची सवयच मोडली.

विणकर मात्र गाव सोडून गेले नाहीत. हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आणि आजही गल्ल्यांतून त्यांचा खडखडाट ऐकू येतो. त्यांवर आता निघते ते साधे कोरे कापड आणि बकरम. ज्या गावाचे वस्त्र तुर्की बेगमा मस्तकावर मिरवीत, त्याचे कापड आज शर्टाच्या कॉलरीच्या आत, कोणाला न दिसता बसते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; पोट भरणारे काम हे कामच. पण बदल केवढा झाला, हे ध्यानी घ्यावे.

गांधी चौकात उभे राहिले की फारुकी राजा आदिलशाहाने 1590च्या सुमारास पुरी केलेली जामा मशीद समोर दिसते. तिच्या आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात शक, संवत व हिजरी अशी तिन्ही कालगणनांची वर्षे कोरलेली आहेत. आम्हांस तो लेख नेहमी बाजाराच्या दारावरच्या पाटीसारखा वाटतो: ज्याची जी कालगणना असेल, त्याने त्या वर्षात हिशोब मांडावा. आसपासच्या दुकानांत आज गर्दी होते ती मावा जिलेबीसाठी आणि दराब्यासाठी. ही मिठाई बांधून घेताना दुकानदार भाव सांगतो हिंदीत, आपण पैसे मोजतो मराठीत आणि दोघांचेही काही अडत नाही.

असो. या लेखाचा शेवट एका विनंतीने करतो. राजांच्या नोंदी बखरींत आणि गॅझेटियरांत आहेत. दुकानांच्या नोंदी, असल्या तर, आपल्याच घरांत आहेत. लग्नखर्चाची मोडीतली एखादी याद, वस्त्रखरेदीची वहीतली ओळ, पदराचा वितळवायचा राहिलेला एखादा तुकडा, जे असेल ते पाहून त्याचे टिपण करून ठेवावे: वस्त्राचे नाव, वर्ष, भाव, दुकानदाराचे नाव. मोडी वाचणारे हात घरोघर कमी होत आहेत आणि जुनी जर घेणारा अजूनही दारावर येतो. तो चांदीचे वजन चोख करील, पण ती तार कोणी ओढली होती हे त्याच्या तराजूत येत नाही. ते लिहून ठेवण्याचे काम आपले आहे. कारण त्या बाजारातून आपण पूर्वी पुष्कळ काही उचलून आणले आहे.