परिचालन प्रणालीचा परवाना (संगणकाचे भाग बदलताना)

विंडोजसारखी परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, वापरण्यासाठी निर्माता ग्राहकाला जी अनुमती देतो ती म्हणजे परवाना. पैसे मोजून मिळतो तो वापराचा हक्क. प्रणाली निर्मात्याचीच राहते. संगणकाचा भाग बदलल्यावर हा हक्क टिकतो की संपतो, हे तो कशाला बांधलेला आहे यावर ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेर (परसोपंत) हे तालुक्याचे गाव. अशा गावातल्या सेतू केंद्रात, फोटो स्टुडिओत किंवा अडत दुकानात असेंबल्ड संगणक सर्रास दिसतो. तो एकदम बदलला जात नाही. आधी रॅम वाढते, मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी येते आणि पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडून मदरबोर्ड, म्हणजे मुख्य बोर्ड, जळाला की तोही नवा बसतो. मालकाच्या लेखी यंत्र तेच असते. परवान्याच्या लेखी मात्र बोर्ड बदलला की यंत्र बदलले. या विषयातले बहुतेक वाद एवढ्या एका फरकातून निघतात.

विंडोजचा परवाना तीन वाटांनी येतो. ब्रँडेड संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो. यंत्र विकले तर तो यंत्राबरोबर जातो, एकटा काढून दुसरीकडे नेता येत नाही. निर्मात्याने सदोष बोर्ड काढून तसाच किंवा समकक्ष बोर्ड बसवून दिला तर परवाना कायम राहतो. हौसेने वरच्या दर्जाचा बोर्ड टाकला तर नवा घ्यावा लागतो. रिटेल परवाना खोक्यातून किंवा ऑनलाइन वेगळा विकत घेतात. तो एका वेळी एकाच यंत्रावर चालतो, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो. तिसरा संस्थांसाठीचा व्हॉल्यूम परवाना. विंडोजच्या बाबतीत तो सहसा अपग्रेडचा हक्क असतो, म्हणून यंत्रावर मूळचा वैध परवाना आधी असावा लागतो. भंगारातून कोरी यंत्रे जमवून त्यांवर थेट व्हॉल्यूम परवान्याची की, म्हणजे सांकेतिक क्रमांक, टाकणाऱ्या संस्था नेमके हेच विसरतात.

परवाना आणि ॲक्टिव्हेशन या गोष्टी वेगळ्या आहेत. परवाना हा करार, ॲक्टिव्हेशन ही त्याची तांत्रिक तपासणी. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती ग्राहकाला या तपासणीची ओळख करून दिली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम अशा दहा गोष्टींवरून यंत्राची एक खूण तयार होई. नेटवर्क कार्ड तेच असले तर बाकीचे भाग अधिक प्रमाणात बदलण्याची सवलत मिळे; मर्यादा ओलांडली की पुन्हा ॲक्टिव्हेशन करावे लागे. त्या काळी की कॅबिनेटवर चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली असायची आणि पुसून पुसून तिचे आकडे दिसेनासे व्हायचे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून ब्रँडेड यंत्राची की बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये जाऊन बसली. विंडोज १० पासून डिजिटल परवाना रुळला. यात यंत्राची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवलेली असते, म्हणून त्याच बोर्डवर तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की मागितली तरी ती न देता पुढे जाता येते.

रॅम, एसएसडी, एसएमपीएस किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्याने परवाना जात नाही. बोर्ड बदलणार असेल तर मात्र आधी तयारी हवी. विंडोज १० च्या २०१६ मधील ॲनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. तो जोडलेला असला तर नव्या बोर्डवर त्याच खात्याने लॉगिन करून, ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून तो परत मिळवता येतो. आवृत्ती मात्र तीच लागते. विंडोज होमचा परवाना विंडोज प्रोला चालत नाही. ओईएम परवाना या वाटेने कधी कधी ॲक्टिव्हेट होतो, पण तेवढ्याने करारातली अट बदलत नाही.

सध्या हा प्रश्न ऐरणीवर आला तो विंडोज १० मुळे. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वरून १० वर फुकट जाता येत होते. जाहीर मुदत संपल्यावरही जुन्या की चालत राहिल्या आणि ती वाट २०२३ मध्ये बंद झाली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चे अपग्रेड परवान्याच्या दृष्टीने फुकट आहे, अडते ते यंत्रावर. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. असेंबल्ड यंत्रांत वर्षानुवर्षे खपलेला एच६१ बोर्ड दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. तो बदलायचा तर प्रोसेसरही बदलतो, आणि डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही. उरते कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क. अपग्रेड फुकट आणि खर्च हजारोंचा, असा हा मामला आहे. लगेच बदल परवडत नसेल तर घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेण्याची योजना आहे. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते.

‘विंडोज मारून देतो’ म्हणणारा तंत्रज्ञ क्रॅक टाकतो तेव्हा ॲक्टिव्हेशन दिसते, परवाना नसतो. ऑनलाइन काहीशे रुपयांना मिळणाऱ्या कीबाबतही सावध राहावे. त्यांतल्या अनेक व्हॉल्यूम करारातून बाहेर आलेल्या किंवा मोडीत गेलेल्या यंत्रांच्या असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. दुकानदाराला या सवलतीचा आधार नाही. रिफर्बिश्ड यंत्र घेताना विंडोज परवान्याचा उल्लेख बिलावर मागून घ्यावा.

यंत्राला परवाना बांधण्याचा प्रकार महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना नवा नव्हता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ही भारतीय लिप्यांच्या फॉन्टची प्रणाली हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर, चालायची. पण तो लॉक खिशात घालून दुसऱ्या संगणकाला लावता यायचा. ग्राहकाच्या दृष्टीने ती सोय आजच्या ओईएम परवान्यापेक्षा उदार म्हणावी लागेल.

ॲपलची मॅकओएस २०१३ पासून फुकट आहे, मात्र करारानुसार ती ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असते. लिनक्सला असे बंधन नाही. लिनक्सचा जीपीएल हा मुक्त परवाना वापरावर अट घालत नाही, त्यामुळे बोर्ड कितीही वेळा बदलला तरी हक्क अबाधित राहतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली असून तीत मराठीची सोय आहे. तरीही तालुक्याच्या सेवा केंद्रांत लिनक्स क्वचित दिसते, कारण हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेले आहे आणि आधार पडताळणीच्या अंगठा-यंत्रांना लागणारे आरडी सर्व्हिस हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज व अँड्रॉइडसाठीच मिळते.