लग्नाची कॅसेट, एडिटर आणि गिऱ्हाईक

लग्नाचा व्हिडिओ हा सोलापूरकरांच्या लग्नखर्चात तसा उशिरा आलेला विषय. बस्ता बांधायला नवी पेठेच्या कापडबाजारात जाणे, दहा साड्या उलगडायला लावून अकरावी घेणे, किमतीत घासाघीस करणे हे त्याआधीपासूनचे. व्हिडिओ एडिटरसमोरही गिऱ्हाईक हीच सवय घेऊन बसले. फरक एवढाच, की उलगडलेल्या साडीची घडी पुन्हा घालता येते; एडिटिंगला गेलेली रात्र परत येत नाही.

1982च्या एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. त्या दशकात व्हीसीआर घरोघरी शिरला आणि मांडवात व्हीएचएस कॅमेरा आला. एडिटिंगला तेव्हा 'मिक्सिंग' म्हणत. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, मध्ये मिक्सर. दृश्ये एकामागून एक उतरवत जायची. तयार कॅसेट पाहून कोणी म्हणाले, "अंतरपाटाच्या वेळी मुलीचा मामा मागे उभा होता, तो कुठाय?" तर त्या जागेपासून पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. कॅसेटवरून कॅसेट केली तर रंग फिका पडे. बदल महाग आहे हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत होते, म्हणून हट्टालाही हद्द होती. आहेराचा लांबलचक भाग कोणी कापत नसे. एखाद्याचा आहेर गळला तर रुसवा वर्षानुवर्षे टिके.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांची घरे. मराठी लग्नात अंतरपाट दूर होण्याचा क्षण मोठा. पद्मशाली समाजाच्या तेलुगू रीतीत वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, तोच मुहूर्त. हे ठाऊक नसलेल्या एडिटरने ते दृश्य दोन सेकंदांत उरकले, तर चिडलेल्या घराला 'कटकटे' म्हणणे अन्यायाचे आहे. निम्मी भांडणे अशा अज्ञानातूनच उभी राहतात.

1995मध्ये डीव्ही कॅसेट आली, पुढे संगणकावर एडियससारखी सॉफ्टवेअर आली. आता मामा मध्ये घातला की पुढचे सगळे आपोआप सरकते. हीच सोय एडिटरच्या मुळावर आली. बदल फुकट वाटू लागला. "फक्त एवढंच बदला" हे वाक्य संपेना. शिवाय स्वतंत्र एडिटरला गिऱ्हाइके दोन: जॉबवर्क देणारा शूटिंगवाला आणि त्याच्यामागचे लग्नघर. व्हॉट्सअ‍ॅपवर नवरीची बहीण एक गाणे सांगते, नवरदेवाचा भाऊ दुसरे.

यातून धंद्याची शिस्त घडली. निम्मे पैसे आगाऊ. दोन्ही घरांतर्फे बोलणारा एकच माणूस. बदलांची यादी लेखी, तीही दोनदाच, पुढच्या फेरीला वेगळे पैसे. पाहायला दिलेल्या प्रतीवर आडवे नाव छापलेले, स्वच्छ प्रत बाकी चुकती झाल्यावर.

कायद्याचाही थोडा आधार आहे. 1872च्या भारतीय करार कायद्याचे कलम 170 सांगते, की सोपवलेल्या वस्तूवर कारागिरी केली असेल तर मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. उदाहरण शिंप्याचे आहे: कोट शिवून झाला की लगेच देईन आणि पैशांना तीन महिन्यांची मुदत, असे कबूल केले असेल तर कोट अडवता येत नाही. एडिटरने उधारी कबूल करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. उलटपक्षी 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक ती करवून घेणाराच. म्हणून जाहिरातीसाठी नवरीची रील टाकायची तर घरच्यांची परवानगी लागते. ती परवानगी आणि कच्चे फुटेज किती दिवस सांभाळणार, या दोन ओळी बिलावरच लिहून घेतल्या जातात.