दंड आणि विश्वास

बालकांस लस टोचविणे ही राज्यसंस्थेची आज्ञा असावी की मातापित्यांस दिलेला सल्ला, या प्रश्नाचे आपल्याकडील उत्तर सव्वाशे वर्षांत पार पालटले.

१८०२ च्या जून महिन्यात मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या देवी काढण्यात आल्या. गायीच्या देवीपासून घेतलेल्या लसीचा हिंदुस्थानातील हा पहिला यशस्वी प्रयोग होय. पुढे १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांच्या देवी काढणे सक्तीचे झाले, आणि १८८० च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील इतर नगरांतही तशी सक्ती करण्याची सोय झाली. दंडाच्या भयाने मुलाचा दंड पुढे होई. परंतु देवीचा कोप सरकारी सुईने अडविणे ज्यांस अधर्म वाटे, त्यांचे मन कायद्याने वळले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७५ मध्ये देवीचा रोग देशातून हटला. १९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. २००१ मध्ये १८८० चा कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षी लसींविषयी शासनास शिफारस करणारा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट अस्तित्वात आला. आज्ञेची जागा सल्ल्याने घेतली, ती अशी. २०११ च्या जानेवारीनंतर वन्य विषाणूजन्य पोलिओचा रुग्ण देशात आढळला नाही, हे या सल्ल्यावर मातांनी ठेवलेल्या विश्वासाचेही फळ होय.

या विश्वासाची कसोटी हैदराबादेतील नामपल्लीस लागली. मार्च २०१९ मध्ये तेथील नागरी आरोग्य केंद्रात अर्भकांस पेंटाव्हॅलंट लस टोचण्यात आली. नंतर येणाऱ्या तापावर पॅरासिटामॉल द्यावयाची. तिच्याऐवजी ट्रामाडॉल ही अफूच्या कुळातील तीव्र वेदनाशामक गोळी मातांच्या हाती पडली. अनेक मुले अत्यवस्थ होऊन नीलोफर रुग्णालयात दाखल झाली, बालमृत्यूही घडले.

लस निर्दोष होती, चुकली ती गोळी. परंतु ज्या मातेने केवळ शब्दावर भरवसा ठेवून आपले मूल पुढे केले, तिने लस आणि गोळी यांत भेद का करावा? सक्तीच्या राज्यात अशा प्रमादानंतरही लोकांस कायद्याने बोलावता येत असे. सल्ल्याच्या राज्यात तो उपाय उरत नाही. म्हणून शासनाची शिफारस तज्ज्ञांच्या निर्णयाने पुरी होत नाही. केंद्रातील परिचारिकेने वेष्टनावरील नाव वाचून योग्य गोळी मातेच्या हाती ठेवावी, तेव्हाच ती पुरी झाली असे म्हणावे.