गुरुजींचा प्रश्न कुठे पोचतो?

कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत तयार झालेले २४ शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरातेत शाळा चालवण्यासाठी रवाना झाले. सरकारी आधाराने शिक्षक तयार करून गावोगाव पाठवण्याच्या आपल्याकडच्या परंपरेची ही जवळजवळ सुरुवात. शाळा शेकडो मैलांवर विखुरलेल्या आणि शिक्षकांना शिकवू शकणारी माणसे मोजक्या शहरांत, ही अडचणही तेव्हाचीच. पुढच्या २०० वर्षांत ती सोडवायला छापखाना आला, आकाशवाणी आली, दूरचित्रवाणी आली, उपग्रह आला आणि आता मोबाइलवरचा अभ्यासक्रम आला आहे. प्रत्येक साधनाचे स्वागत एकाच वाक्याने झाले: आता आपण सगळ्यांपर्यंत पोचणार. पोचणे महत्त्वाचे आहेच. पण या इतिहासाचे पुरावे एकत्र ठेवून पाहिले, तर प्रशिक्षण वर्गात रुजले की नाही हे वेगळ्याच गोष्टीवर ठरत आलेले दिसते. शिकवताना अडलेल्या शिक्षकाचा प्रश्न वर परत जातो का, त्याचे उत्तर कोणी देतो का आणि त्या प्रश्नामुळे प्रशिक्षण किंवा पाठ्यक्रम बदलतो का, ही ती गोष्ट. साधन कोणते वापरले, हा मुद्दा त्यानंतरचा.

एकोणिसाव्या शतकात ही परतीची वाट किती अरुंद होती, ते पाहण्यासारखे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी अखेरच्या वर्षांत मुंबईच्या नॉर्मल क्लासची, म्हणजे अध्यापन वर्गाची, धुरा सांभाळली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे आले. ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक निघाले, तेव्हा कॉलेजच्या भिंतींबाहेरच्या शिक्षकाच्या हातीही काही वाचनीय पडू लागले. छापील कागदावरून दूरच्या शिक्षकाचे ज्ञान वाढवण्याचा मराठीतला हा आरंभीचा ठळक प्रयत्न म्हणता येईल. १८६८ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याचे काम पाहू लागले आणि मासिकाला स्वतःचा परखड आवाज आला. सरकारची मर्जी उतरली आणि १८७५ मध्ये ते बंद झाले. वरून खाली जाणारा मजकूर खात्याला हवा होता, खालून वर जाणारी टीका नको होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, असा आग्रह धरला आणि त्याच दमात त्याला किमान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा, असेही सांगितले. प्रशिक्षण आणि पोटापाण्याचा प्रश्न फुल्यांनी एकत्र मांडला. शिक्षकाच्या शिकण्याला वेळ आणि मोबदला लागतो, ही समज त्यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. ती सरकारी योजनांमध्ये मात्र फारशी उतरली नाही.

दृक्‌श्राव्य साधनांचे युग भारतात खऱ्या अर्थाने अवतरले ते १ ऑगस्ट १९७५ रोजी. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व राजस्थानातल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे नेतृत्व तेव्हा यश पाल यांच्याकडे होते. तारेच्या जाळीपासून केलेल्या मोठ्या छत्रीसारख्या अँटेना शाळांच्या आवारात उभ्या राहिल्या. या काळात चाळीस हजारांहून अधिक प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. ते बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांत झाले, पहिली ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि दुसरी पुढच्या जूनमध्ये. आजही हा आकडा छाती दडपवणारा वाटतो. त्याची रचना अधिक लक्षात घेण्याजोगी होती. शिक्षक बारा दिवस नुसते पडद्याकडे पाहत बसले नव्हते. एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राने तयार केलेल्या संचात दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम होते, छापील साहित्य होते, हाताने करायचे उपक्रम होते आणि ते करवून घेण्यासाठी केंद्रावर माणूस नेमलेला होता. म्हणजे देशातल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी तंत्रप्रयोगाच्या आखणीकारांनीही पडद्यावर सगळा भार टाकला नव्हता. पण ३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि ऑक्टोबर आणि जूनमध्ये शिकलेले वापरताना त्या शिक्षकांना जे अडले असेल, ते विचारण्याची कायमची जागा मागे उरली नाही.

याच दशकात मध्य प्रदेशात नेमक्या उलट टोकाने एक काम सुरू झाले होते. रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत. तिथे शिक्षक चार-चारच्या टोळ्या करून तेच प्रयोग करत, जे पुढे वर्गात मुलांकडून करवून घ्यायचे होते. फुलाचे भाग सोडवायला बाभळीचा काटा पुरे होई. १९७८ च्या सुमारास अरविंद गुप्ता तिथे राहिले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमितीचे आकार बनवण्याची त्यांची कल्पना त्या मुक्कामातलीच. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून ती महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांच्या हाती गेली. पण होशंगाबादचे खरे वैशिष्ट्य शिबिर संपल्यावर सुरू होई. दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी भरे आणि कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, कोणते पान समजले नाही, याची चर्चा होई. ‘बाल वैज्ञानिक’ हे कार्यपुस्तक त्या अनुभवावरून पुन्हा लिहिले जाई. मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ नावाचा पत्ता होता. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला मुभा होती आणि प्रयोगाला गुण होते. शिक्षकाने नव्या रीतीने शिकवावे आणि परीक्षा मात्र जुनीच राहावी, असा दुटप्पीपणा तिथे नव्हता. सोळा शाळांचा कार्यक्रम १९७८ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात आणि पुढे ‘एकलव्य’ संस्थेच्या काळात सुमारे एक हजार शाळांत पोचला.

या दोन अनुभवांपैकी देशाने कोणता उचलला? राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या वर्षी, १९८६ मध्ये, शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि लाखो शिक्षक त्यातून गेले. पद्धत साखळीची होती. वरचे काही तज्ज्ञ राज्यातल्या साधनव्यक्तींना शिकवणार, ते जिल्ह्यातल्यांना आणि तेच पुढे शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर थोडे गळत जाऊन शेवटच्या वर्गात पोचणारे ज्ञान पातळ होते, ही तक्रार तेव्हापासून आजतागायत ऐकू येते. ही गळती रोखायला माध्यमांचा आधार घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक होते. इन्सॅट उपग्रहांच्या योजनेतून पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी उभी राहिली आणि मराठी शाळांसाठी तिने शेकडो कार्यक्रम घडवले. २०१७ मध्ये ती बंद झाली. १९९६ मध्ये कर्नाटक आणि मध्य प्रदेशात चित्र एकतर्फी पण आवाज दुतर्फा, अशा सोयीने प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण घेतले गेले. केंद्रावरचा शिक्षक फोनवरून थेट तज्ज्ञाला विचारू शकत होता. परतीची वाट तंत्राने मोकळी केल्याचा तो उत्तम नमुना होता, पण तो प्रयोगाच्या पुढे फारसा सरकला नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. अपेक्षित काम त्यातून झाले नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने या अपयशाची कारणमीमांसा केली, तेव्हा जोडणी, आशय आणि व्यवस्थापन या तिन्ही बाजू लंगड्या पडल्याचे समोर आले. उपग्रह आकाशात पोचला होता. जमिनीवर त्याचा सांभाळ करणारी माणसे आणि संस्था उभ्या राहिल्या नव्हत्या.

२०१७ च्या शिक्षक दिनी ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ आले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुमारे ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून आला. कोविडमुळे शाळा बंद झाल्यावर ऑक्टोबर २०२० पासून तो दीक्षावर, म्हणजे शिक्षकांच्या मोबाइलमध्ये, शिरला. त्यातला एखादा अभ्यासक्रम उघडून पाहिला तर क्रम ठरलेला दिसतो: चित्रफीत, वाचनसाहित्य, एखादा उपक्रम, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र. आशय बऱ्याच ठिकाणी चांगला आहे. पण यात प्रश्न विचारणारी यंत्रणा आहे आणि उत्तर देणारा शिक्षक आहे. उलट दिशेने विचारायला जागा नाही, असली तर नावापुरती. अपूर्णांकांची बेरीज पाचवीच्या मुलांना का अवघड जाते, माझ्या वर्गात पावरी किंवा गोंडी बोलणारी मुले आहेत त्यांच्यापाशी हा उपक्रम कसा चालवू, असे प्रश्न चौकटींतून उत्तर निवडण्याच्या परीक्षेत बसत नाहीत. मोजमाप मात्र नोंदणी आणि प्रमाणपत्रांचे होते, कारण मोजायला तेच सोपे असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. हे तास शाळेच्या वेळेतले की रात्री जेवणानंतरचे, याचे उत्तर ठाम मिळत नाही, तोवर फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेला प्रश्न सुटला, असे म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप संख्येचा येतो. एक हजार शाळांत जमलेले ४२ लाख शिक्षकांना कसे जमणार? शिवाय डिजिटल अभ्यासक्रमामुळे साखळीतली गळती थांबते, गडचिरोलीच्या आणि पुण्याच्या शिक्षकाला एकच तज्ज्ञ एकाच तयारीने शिकवतो, ही समानता कमी मोलाची नाही. हा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. चित्रफितीने समजावणे गळतीविना होते, यात वाद नाही. पण समजावणे हे प्रशिक्षणाचे अर्धेच काम आहे, आणि उरलेले अर्धे करण्यासाठी ४२ लाखांना एका जागी जमवावे लागत नाही. महाराष्ट्रात केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख आहे, महिन्याची शिक्षण परिषद आहे. होशंगाबादच्या गोष्ठीला लागणारा सांगाडा आपल्याकडे कागदावर पूर्वीपासून तयार आहे. त्यातली केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि भरलेल्या पदांवरचा बराच वेळ माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो, ही अडचण तंत्राची नाही. उलट प्रश्न गोळा करणे, एकसारखे प्रश्न एकत्र बांधणे आणि उत्तर सगळ्यांना दिसेल असे ठेवणे या कामांत मोबाइलइतके स्वस्त साधन आजवर कधीच नव्हते. एटीएस-६ ला जे करता येत नव्हते, ते तालुक्याच्या गटाला आज करता येते.

दुसरा आक्षेप असा की, होशंगाबादचे एवढे कौतुक करायचे तर २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद का केला? एकसमान पाठ्यक्रम हवा, या भूमिकेतून तो निर्णय झाला आणि त्याविरुद्ध देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवूनही तो टिकला. त्यातून धडा घ्यायचा तो पद्धत चुकल्याचा नव्हे. स्वयंसेवी संस्थेच्या बळावर चाललेली परतीची वाट सरकारी यंत्रणेचा कायमचा भाग झाली नाही, तर ती एका निर्णयाने बुजवता येते, हा तो धडा. आणि शिक्षकांकडून काही वर जाऊ शकते का, अशी शंका असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाहावे. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून मुलांना धड्याशी जोडलेले साहित्य उघडून देण्याची कल्पना आपल्या वर्गात राबवली. पुढे बालभारतीने आणि एनसीईआरटीनेही ती स्वीकारली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका खेड्यातल्या वर्गात सुचलेली गोष्ट देशाच्या पुस्तकात गेली. ती जाऊ शकली यात त्या शिक्षकाची चिकाटी होती. अशी वाट प्रत्येकाला केवळ चिकाटीवर काढावी लागू नये, एवढीच अपेक्षा यंत्रणेकडून आहे.

म्हणून डिजिटल प्रशिक्षणावरचा खर्च वाढवण्याआधी त्याची कसोटी बदलायला हवी. किती शिक्षकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, या आकड्याच्या शेजारी किती प्रश्न आले, किती दिवसांत त्यांना उत्तर मिळाले आणि त्यामुळे पुढच्या आवृत्तीत काय बदलले, हे तीन आकडे छापले जावेत. प्रशिक्षणाचे तास शाळेच्या वेळेत, कामाचे तास म्हणून धरले जावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतले अधिव्याख्याते, साधनव्यक्ती आणि केंद्रप्रमुख या शिकवणाऱ्यांच्या शिक्षकांची पदे भरली जावीत आणि त्यांच्या स्वतःच्या शिकण्यासाठीही वेळ राखला जावा, कारण उत्तर देणाराच तयार नसेल तर प्रश्न विचारून उपयोग नाही. यातले काहीही नव्या शोधाची वाट पाहत थांबलेले नाही. साइटने माणूस आणि यंत्र यांची सांगड दाखवली, होशंगाबादने प्रश्नावरून पुस्तक बदलून दाखवले, १९९६ च्या प्रयोगाने दूरवरून प्रश्न विचारता येतो हे सिद्ध केले. हे तिन्ही अनुभव आपल्याच देशातले, आपल्याच शिक्षकांच्या कष्टातून आलेले आहेत. ते एकत्र आणायचे की पुन्हा एकदा फक्त पोचण्याचा आकडा मिरवायचा, हा निर्णय धोरण ठरवणाऱ्यांनी घ्यायचा आहे, आणि तो घेताना वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला त्यात बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे.