सॉफ्टबॉल पिचर मुलींची अकाली महाविद्यालयीन निवड

अमेरिकेत शाळकरी सॉफ्टबॉल पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या) मुलींना महाविद्यालयीन संघांनी प्रवेशाच्या कित्येक वर्षे आधीच हेरून ठेवण्याची पद्धत. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर मुलींच्या खेळांतही शिष्यवृत्त्या मिळू लागल्या आणि पुढे चांगल्या पिचरसाठी चढाओढ सुरू झाली. सॉफ्टबॉलचा सामना बव्हंशी पिचरच्या हाती. त्यामुळे पहिली नजर तिच्यावरच. सातवी-आठवीतल्या मुलीही तोंडी होकार देऊन बसत. हा होकार कोणावरच बंधनकारक नसे. प्रशिक्षक बदलला किंवा खांदा दुखावला, की दिलेला शब्द फिरवता येई. मुळात अंदाजच कच्चा. बारा वर्षांखालील मुली ४० फुटांवरून चेंडू टाकतात, महाविद्यालयात हे अंतर ४३ फूट असते आणि मधल्या काळात मुलीची उंची, ताकद, आवड सारेच बदलते. एप्रिल २०१८ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने प्रथम विभागातील प्रशिक्षकांना, खेळाडू अकरावीत गेल्यानंतरच्या १ सप्टेंबरपूर्वी निवडीविषयी तिच्याशी बोलण्यास मनाई केली. नियम उशिराच आला, पण योग्य होता. आता ओढ महाविद्यालयात आधीच खेळणाऱ्या तयार खेळाडूंकडेही वळली आहे: २०२४ मध्ये पिचर नायजारी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेक विद्यापीठात गेली, ती दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर.