सारवणापासून फरशीपर्यंत

घर बांधणं निराळं आणि घर नीट करणं निराळं. भिंती त्याच, आढं तेच. फक्त गिलावा करायचा, शहाबादी फरशी घालायची, रंग द्यायचा. जुन्या काळी याला रोकड लागत नव्हती. पांढरी माती गावची, शेण गोठ्यातलं, राबणूक घरच्या बायांची. सिमेंट अन् फरशी आली, तेव्हा प्रश्न पडला, पैसा आणायचा कुठून?

सावकार होताच. बियाणं, लगीन, डागडुजी, सगळं त्याच्या वहीत एकाच खात्यावर चढायचं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, ती असल्याच ओझ्यापायी. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा. पुढं गावोगाव सोसायट्या निघाल्या. पण सोसायटी कर्ज द्यायची ते पिकाला. चुलीपुढची जमीन उखणली, हे तिच्या कागदात कुठंच बसायचं नाही.

१९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या, शाखा खेड्यापर्यंत आल्या. पण तारण काय ठेवणार? रानाला सातबारा होता. गावठाणातल्या घराला नुसता ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. तो घरपट्टीपुरता, मालकी त्यानं ठरत नाही. मग माणसं शेळी विकायची, भिशी उचलायची, नाहीतर उसाच्या बिलाची वाट बघायची. बिलातून आधी सोसायटीची वसुली कापली जायची. उरलं तर फरशी.

१९९२ पासून नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. माझ्या मते फरशीचा खरा इतिहास इथून सुरू होतो. सारवून सारवून ज्यांच्या कंबरा मोडल्या, त्यांच्याच हातात कर्जाची वही आली. गटानं घराचा उतारा मागितला नाही. शेजारणींचा भरवसा हेच तारण.

२०२० ला स्वामित्व योजना निघाली. ड्रोननं गावठाणं मोजून घराची मिळकत पत्रिका मिळू लागली. त्या कागदावर आता बँकेचं दार उघडतं, हे चांगलंच झालं. तरी एक सांगतो. दोन खोल्यांच्या फरशीपायी सगळं घर तारण टाकू नये. हप्ते थकले तर फरशी उखडून परत देता येत नाही, घरच जातं. लहान कामाला गटाचं लहान कर्जच बरं.