दुसरे दान

दुखणे उलटले, एवढेच दोन शब्द आपल्या घरांतील वडीलधारी माणसे आवाज उतरवून उच्चारीत, आणि ऐकणाऱ्यास पुढचे काही विचारण्याचे कारण उरत नसे. तीव्र रक्तकर्करोगात, म्हणजे ॲक्यूट ल्युकेमियात, अस्थिमज्जेचे रोपण होऊन शंभर दिवस सरले आहेत, डोक्यावर केसांची लव धरू लागली आहे, रुग्ण जिन्याच्या चार पायऱ्या आपल्या पायांनी चढू लागला आहे, अशा वेळी रक्ताच्या अहवालात ‘ब्लास्ट’ नावाच्या कच्च्या, बेबंद पेशी पुन्हा दिसाव्यात, यासारखा घाला दुसरा नाही. या घाल्यावर आज जे उपाय योजतात त्यांतील एकात नवे औषध असे काहीच नसते: ज्या भावाने वा बहिणीने पूर्वी मज्जा दिली, त्यासच पुन्हा बोलावून त्याच्या रक्तातील लसिकापेशी, म्हणजे लिम्फोसाइट, काढून घ्यावयाच्या आणि रुग्णाच्या शिरेत सोडावयाच्या. रुग्णालयात त्यास ‘डीएलआय’ म्हणतात. मी त्यास दुसरे दान म्हणतो. ज्या व्याधीला वैद्यकाने वर्षानुवर्षे केवळ शत्रू मानले, तिच्याच पोटी हा उपाय जन्मला, म्हणून त्याची कुळकथा सांगावीशी वाटते.

दाता खुर्चीत रेलून बसतो. एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, यंत्र ते गरगर फिरवून मधला पांढुरका थर बाजूस काढते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हाताने परत देते. तीन-चार तासांनी एका लहानशा पिशवीत फिकट लालसर, गढूळ द्रव जमलेला असतो. पेशींची मोजदाद रुग्णाच्या वजनावर होते. किलोमागे १ कोटी टी-पेशी (लसिकापेशींचाच एक प्रकार), म्हणजे ६० किलोच्या माणसास ६० कोटी, ही एक प्रचलित मात्रा होय, आणि उरलेल्या पेशी पुढच्या हप्त्यांसाठी द्रवरूप नायट्रोजनात गोठवून ठेवतात. पिशवी चढण्यास फारसा वेळ लागत नाही. त्यानंतरची प्रतीक्षा मात्र आठवड्यांची, कधी महिन्यांची असते. रोज सकाळी तळहात उजेडात धरून पुरळ उठले का ते पाहावयाचे, कारण ते पुरळ धोक्याची खूण असते आणि परक्या पेशी कामास लागल्याचीही.

या दुहेरी खुणेचा उगम इंग्लंडातील हारवेल येथे सापडतो. १९५६ साली बार्न्स, लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तकर्करोग झालेल्या उंदरांना क्ष-किरणांचा मारा करून काहींना त्यांच्याच वंशाची मज्जा दिली, काहींना परवंशाची. स्ववंशाची मज्जा मिळालेल्यांत रोग परतला. परवंशाची मिळालेल्यांत तो परतला नाही, पण ते उंदीर झिजून, हगवणीने मेले. एखाद्याने हा प्रयोग अयशस्वी म्हणून दप्तरी दाखल केला असता. या मंडळींनी मात्र त्यातून असे अनुमान काढले की परक्या मज्जेतील पेशीच रोगाचा फडशा पाडीत असाव्यात, आणि माझ्या मते त्या एका अनुमानात पुढची सारी वंशावळ बीजरूपाने आहे.

पुढल्याच वर्षी अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी माणसाच्या शिरेतून मज्जा देण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी परक्या पेशींच्या या रोगनाशक गुणास नाव दिले आणि तो रुग्णांवर अजमावला. पण शय्येपाशी उभ्या असलेल्या वैद्यास दिसत होती ती निराळीच गोष्ट: नव्या मज्जेच्या पेशी रुग्णाची कातडी, यकृत, आतडी परकी समजून त्यांवर तुटून पडत. त्यास ‘जीव्हीएचडी’ म्हणतात, आणि कित्येक रुग्ण मूळ रोगाने नव्हे तर त्यानेच गेले. १९७९ मध्ये सिएटलच्या वायडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४२ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा हा उपद्रव ज्यांना झाला त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा अडीचपटीने कमी निघाले. तरीही उपद्रव टाळावा म्हणून मज्जेतून टी-पेशी गाळून देण्याची पद्धत आली. उपद्रव खरोखरच घटला, आणि रोग अधिक वेळा उलटू लागला. १९९० साली २,२५४ रोपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जुळ्या भावंडाची तंतोतंत मज्जा मिळालेल्यांतही तोच दाखला मिळाला. जे अगदी आपले, ते लढत नाही.

त्याच वर्षी म्यूनिखच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी धाडसाचे पाऊल जाहीर केले. रोपणानंतर ज्यांचा दीर्घकालीन रक्तकर्करोग उलटला होता अशा तिघांना, इंटरफेरॉनच्या जोडीने, मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशी त्यांनी दिल्या. तिघांच्याही शरीरातून रोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या. जेरुसलेममध्ये शिमॉन स्लाविन यांचेही प्रयत्न त्याच सुमारास चालू होते. १९९५ साली युरोपातील १३५ रुग्णांचा वृत्तांत आला: दीर्घकालीन प्रकारात शेकडा ७३ जणांचा रोग पूर्ण ओसरला, तीव्र मायलॉइड प्रकारात शेकडा २९ जणांचा, आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपाय निष्प्रभ ठरला.

हे आकडे वाचताना मन खट्टू होते, पण त्यांचे कारण समजण्यासारखे आहे. दात्याच्या पेशींना जम बसवावयास आठवडे लागतात, आणि तीव्र रोग तेवढी सवड देत नाही. सबब आधी केमोथेरपीने वा ॲझासायटिडीनसारख्या औषधाने त्याचा जोर मोडावा आणि मगच पेशी द्याव्यात, हा क्रम रूढ झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ३९९ प्रौढांच्या नोंदींत, पेशी मिळालेल्यांपैकी शेकडा २१ दोन वर्षांनी हयात होते, न मिळालेल्यांपैकी शेकडा ९. रोग वेषांतरही करतो. अर्ध्याच जुळणाऱ्या नातलगाकडून मज्जा घेतलेल्या रुग्णांत तो दात्याशी न जुळणारी आपली एचएलए खूणच पुसून टाकतो, हे मिलानच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले. अशा रुग्णाला त्याच दात्याच्या पेशी देऊन उपयोग नाही; दुसरा दाता शोधावा लागतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली एका मुलीस तिच्या भावाची मज्जा देऊन भारतातील या विद्येचा आरंभ झाला. त्याच संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये परवाना मिळाला, ती याच कुळाची धाकटी पाती होय; कारण रोपण झालेल्या रुग्णाच्या अंगातून जेव्हा टी-पेशी काढून त्यांना रोग ओळखावयास शिकवितात, तेव्हा त्या पेशी बहुधा दात्याच्याच वंशातील असतात.

म्हणून ज्यांनी आपल्या माणसास मज्जा दिली आहे त्यांना एवढीच विनंती: आपला पत्ता आणि दूरध्वनी बदलला तर तो रुग्णालयास न चुकता कळवावा. दुसरे बोलावणे येऊ शकते, आणि ते येते तेव्हा हाताशी दिवस थोडे असतात.